घोडीच्या लिदीत साल्मोनेला सापडला, आता पुढे काय?

नागावच्या एका तरुण घोडेवाल्याने विचारलेला प्रश्न आधी थोडक्यात सांगते. दत्तजयंतीच्या सारंगखेड्याच्या बाजारातून त्यांनी चार वर्षांची घोडी घेतली आणि ट्रकने घरी आणली. घरात आधीचे दोन घोडे आहेत. एक किनाऱ्यावर पर्यटकांच्या फेऱ्या मारतो, दुसरा अलिबागला ओहोटीच्या वेळी कुलाबा किल्ल्याकडे जाणाऱ्या गाडीला जुंपतात. चौथ्या दिवशी नव्या घोडीने चंदी, म्हणजे रोजचा दाणा, खायची सोडली, अंग तापलं आणि रात्रीतून लीद पाण्यासारखी झाली. डॉक्टरांनी सलाईन लावलं, लिदीचा नमुना तपासायला पाठवला, अहवालात साल्मोनेला हा हगवणीचा जंतू आला. आता घोडी उभी आहे, थोडं गवत ओढते, पण लीद अजून पातळ आहे. त्यांना विचारायचंय की अँटिबायोटिक का देत नाहीत, रोग मासळीतून किंवा खाऱ्या पाण्यातून आला का, दुसऱ्या घोड्यांना होईल का, घरात तीन वर्षांचा मुलगा आहे त्याचं काय, आणि एकतीस डिसेंबरची गर्दी तोंडावर असताना ही घोडी ठेवावी की परत बाजारात द्यावी.

मी 30 वर्षं रायगड-रत्नागिरीच्या पट्ट्यात जनावरांची डॉक्टरकी केली. गाई-म्हशी जास्त, घोडे कमी. पण घोड्याच्या हगवणीने जितक्या रात्री जागवल्या तितक्या दुसऱ्या कुठल्या आजाराने नाही. म्हणून जरा लांबलं तरी सगळं सांगते.

आधी आजच्या आज करायचं काम. घोडी दोन घोड्यांच्या शेजारी बांधलेली असेल तर ती हलवा. पडवी, माडाखालची शाकारलेली खोप, मांडव, काहीही चालेल; फक्त तिचं सांडपाणी विहिरीकडे किंवा दुसऱ्या घोड्यांकडे वाहता कामा नये. तिची बादली, तोबरा, खरारा, फावडं, झाडू वेगळं करा आणि त्यावर लाल रंगाचा पट्टा ओढा, म्हणजे घाईत अदलाबदल होणार नाही. थर्मामीटरसुद्धा वेगळा. एकच थर्मामीटर तीन घोड्यांच्या गुदद्वारात फिरवला तर रोग आपल्याच हाताने वाटला असं समजा. तिचं सगळं करायला घरातला एकच माणूस नेमा. तसं जमत नसेल तर निरोगी घोड्यांचं आधी उरका आणि घोडीकडे शेवटी जा. तिच्याकडून परत फिरून त्यांच्याकडे जायचं नाही.

आता रोग कुठून आला ते. आपल्याकडे रावसाला इंग्रजीत सॅल्मन म्हणतात, त्यामुळे साल्मोनेला म्हटलं की किनाऱ्यावर हटकून मासळीचा संशय येतो. मला हा प्रश्न कोळीवाड्यातही विचारलेला आहे. माशाचा आणि या नावाचा काही संबंध नाही. डॅनियल एल्मर साल्मन नावाचे अमेरिकेतले पशुवैद्य होते; त्यांच्या प्रयोगशाळेत 1885 मध्ये थिओबाल्ड स्मिथ यांना हा जंतू डुकरांत सापडला आणि पुढे साल्मन यांच्या आडनावावरून त्याचं नाव पडलं. जंतूचे अडीच हजारांहून जास्त प्रकार आहेत. घोड्यांच्या हगवणीत टायफीम्युरियम हा त्यातला नेहमी भेटणारा. माणसाच्या टायफॉइडचा जंतू याच घराण्यातला, पण तो माणसातच राहतो. तेव्हा घोडीला टायफॉइड झालाय असं कोणी गावात बोलत असेल तर ते खरं नाही.

समुद्राच्या पाण्यालाही दोष देऊ नका. घोडी आल्यापासून चारच दिवस झाले होते. माझ्या मते जंतू एकतर ती पोटात घेऊन आली, किंवा बाजारात, ट्रकच्या फळीवर, वाटेतल्या कुंडात तिला मिळाला. निरोगी दिसणाऱ्या काही घोड्यांच्या आतड्यात हा गुपचूप असतो आणि काही करत नाही. घोड्याचं मोठं आतडं म्हणजे आंबवणाची टाकीच. त्यात कोट्यवधी चांगले जंतू गवत कुजवून त्यातून ताकद काढतात आणि त्यांच्या गर्दीत साल्मोनेलाला पाय ठेवायला जागा मिळत नाही. मग घोडी बाजारात दिवसचे दिवस उभी राहते, अनोळखी घोडे, गोंगाट, पाणी कमी, ट्रकमध्ये रात्रभर तोल सावरत प्रवास, आणि इथे उतरल्यावर आयुष्यात न खाल्लेला भाताचा पेंढा आणि कोंडा पुढे. टाकीतली चांगली वस्ती उपाशी पडते, बिघडते, आणि साल्मोनेला वर येतो. प्रवास, उपासमार, अचानक बदललेला चारा, पोटशूळ, शस्त्रक्रिया, कडक उन्हातलं काम, चुकीची अँटिबायोटिक, या सगळ्यांनी हेच होतं.

जंतूच्या भिंतीत एक विष असतं. जंतू मेला, फुटला की ते बाहेर पडतं. सुजलेल्या आतड्यातून ते रक्तात शिरतं आणि त्याने ताप चढतो, हिरड्या रंग बदलतात, नाडी धावते, रक्तातल्या पांढऱ्या पेशी पहिल्या दिवशीच खाली येतात. हगवण दिसायच्या आधी रक्त तपासलं तर ही घट कधी कधी आधी दिसते. तुमच्या घोडीने आदल्या दिवशी चंदी टाकली, तेव्हाच हे सुरू झालेलं असणार.

आता मुख्य गोष्ट, पाणी. या आजारात घोडा मरतो तो बहुतेक वेळा अंगातलं पाणी आणि क्षार कमी झाल्याने आणि त्या विषामुळे. मोठ्या आतड्याचं काम पाणी परत शोषून घेण्याचं. ते थांबलं की पाणी नुसतं वाहून जातं. जोराची हगवण असलेला मोठा घोडा दिवसाला 50 लिटर आणि त्याहूनही जास्त पाणी गमावू शकतो. तुमची घोडी 300 किलोची धरा. तिच्या अंगातलं वजनाच्या आठ टक्के पाणी कमी झालं असेल तर तूट 24 लिटरची. औषधाच्या दुकानात मिळणाऱ्या अर्ध्या लिटरच्या बाटल्या मोजल्या तर 48 होतात, आणि ही फक्त मागची तूट झाली. रोजची गरज आणि रोज वाहून जाणारं त्यात धरलेलं नाही. म्हणून चार बाटल्या सलाईन लावून डॉक्टर गेले आणि घोडी सुधारली नाही तर डॉक्टर वाईट किंवा औषध खोटं असं म्हणू नका, हिशोबच तोकडा होता. तीन-पाच लिटरच्या मोठ्या पिशव्या मागवता येतात, त्या मागवा. आणि आतडं चालू असेल, जठरातून उलट काही येत नसेल, तर डॉक्टर नाकातून नळी घालून एका वेळी चार-पाच लिटर क्षारपाणी थेट पोटात सोडू शकतात. हा स्वस्त आणि चांगला मार्ग आहे. पण ते डॉक्टरचंच काम. बांबूच्या नळकांड्याने किंवा बाटलीने तोंड वर करून पाजू नका. पाणी फुप्फुसात गेलं की हगवणीतून वाचलेला घोडा न्युमोनियाने जातो. हे मी डोळ्यांनी पाहिलंय.

घरी तुम्ही एवढं करा: तिच्यापुढे दोन बादल्या ठेवा. एकीत साधं गोडं पाणी, दुसरीत दहा लिटरला साधारण 50 ग्रॅम मीठ विरघळवलेलं. तिला हवं ते ती पिईल. घोड्याला आपली गरज बऱ्यापैकी कळते, पण साधं पाणी काढून नुसतं मिठाचं ठेवलं तर ती दोन्ही सोडेल. प्रत्येक बादलीतलं किती गेलं ते भिंतीवर खडूने लिहा. डॉक्टर आले की हा आकडा त्यांना तुमच्या दहा वाक्यांपेक्षा जास्त सांगेल.

पाणी कमी पडतंय का हे पाहायला वरचा ओठ उचला. हिरडी ओली, फिकट गुलाबी असायला हवी. अंगठ्याने दाबा, सोडा. दाबल्याची पांढरी खूण दोन सेकंदांच्या आत परत गुलाबी व्हायला हवी. तीन-चार सेकंद लागले, हिरडी बोटाला चिकट लागली, किंवा दातांच्या मुळाशी जांभळट लाल कड दिसली तर तो दिवस थांबायचा नाही, रात्री बारा वाजले असले तरी फोन करायचा. जबड्याच्या खालच्या कडेला नाडी लागते. आरामात उभ्या घोड्याची मिनिटाला 28 ते 44, लहान टट्टवांत थोडी जास्त. साठच्या वर गेली आणि उतरेना तर धोका. पोटाखाली आणि पायांत मऊ सूज येऊ लागली तर ती पाणी जास्त झाल्यामुळे आली असं समजून सलाईन बंद करायला सांगू नका. आतड्यातून रक्तातलं प्रोटीन गळतंय त्याची ती खूण असते. डॉक्टरांना सांगा, रक्तातलं प्रोटीन तपासून घ्या.

अँटिबायोटिकवर तुमचा सगळ्यात जास्त जोर होता. तुमच्या डॉक्टरांनी ते लगेच दिलं नाही, ते बरोबर केलं असं मला वाटतं. मोठ्या घोड्यात साल्मोनेलाची हगवण अँटिबायोटिकने लवकर थांबते असं दिसून आलेलं नाही. उलट टाकीतले उरलेसुरले चांगले जंतू त्याने मरतात आणि औषधाला न जुमानणारा साल्मोनेला मागे उरतो. तोंडावाटे टेट्रासायक्लीन देऊन घोड्याची हगवण भडकल्याचं मी पाहिलंय, आणि ते औषध मेडिकलमधून कोणालाही मिळत होतं. कधी द्यायचं? पांढऱ्या पेशी फारच खाली गेल्या असतील, जंतू रक्तात उतरल्याची लक्षणं असतील, किंवा रोगी शिंगरू असेल तर. शिंगरात साल्मोनेला आतड्यात थांबत नाही. तो रक्तातून सांध्यांत, फुप्फुसात, हाडांत जातो, आणि तिथे अँटिबायोटिक न देणं हीच चूक ठरते. तेव्हाही इंजेक्शन, आणि शक्यतो कल्चरमध्ये, म्हणजे प्रयोगशाळेत जंतू वाढवून, कुठलं औषध लागू पडतं ते पाहून. शिंगराला एन्रोफ्लॉक्सासिन नको, त्याने सांध्यांची कूर्चा खराब होते. जेंटामायसिन द्यायचं तर आधी पाण्याची तूट भरून काढायची, नाहीतर मूत्रपिंडं जातात. दुखण्याच्या इंजेक्शनचंही तेच. फ्लुनिक्सिन या आजारात उपयोगी आहे, विषाचा परिणाम कमी करतं, पण कोरड्या पडलेल्या घोड्याला ते वारंवार, मापाबाहेर टोचलं तर मूत्रपिंड आणि आतडं दोन्ही जखमी होतात. शेजारच्या घोडेवाल्याकडे शिल्लक आहे म्हणून टोचू नका. आणि माणसांच्या जुलाब थांबवायच्या गोळ्या अजिबात नकोत.

यानंतर खुरं. हगवण आटोक्यात आली, घोडी खायला लागली, सगळ्यांनी सुटकेचा श्वास घेतला, आणि पाचव्या दिवशी घोडी जागची हलेना. असं मी दोनदा पाहिलंय. आतड्यातल्या विषाने खुराच्या आतला, हाडाला नखाशी बांधून ठेवणारा थर सुजतो. त्याला लॅमिनायटिस म्हणतात. एकदा हाड खुरात फिरलं की तो घोडा गाडीला किंवा फेरीला पुन्हा उभा राहील याची खात्री नसते. तेव्हा घोट्याच्या मागच्या दोन्ही बाजूंना बोटं ठेवून नाडी बघायला आजच शिका. निरोगी घोड्यात ती जेमतेम लागते. ठणठण लागत असेल, खूर गरम असेल, घोडी भार या पायावरून त्या पायावर टाकत असेल, पुढचे पाय पुढे काढून मागे रेलत असेल, तर एकेक तास मोलाचा.

इथे किनाऱ्यावर राहण्याचा मोठा फायदा आहे. ज्या घोड्याला ताप आणि जोराची हगवण आहे त्याचे पाय सूज यायच्या आधीपासून सतत बर्फात ठेवले तर खुरं वाचायची शक्यता वाढते. शहरातल्या डॉक्टरला एवढा बर्फ कुठून आणायचा हा प्रश्न पडतो; आपल्याकडे जेट्टीवर मासळीसाठी लाद्या फोडून भुगा मिळतो. एका तबेल्यात आम्ही तांदळाच्या प्लास्टिकच्या गोणी कापून घोड्याच्या पुढच्या पायांना गुडघ्याच्या खाली बांधल्या, वरून बर्फाचा भुगा भरला आणि दर दीड-दोन तासांनी भरत राहिलो. घरातल्या आजी, दोन मुलगे आणि शेजारचा एक खलाशी, पाळीपाळीने दोन रात्री आणि तीन दिवस. अर्धा तास बर्फ लावून काढून टाकला तर उपयोग नाही, 48 ते 72 तास सलग हवा. बर्फ कारखान्यातून ताजा घ्या, मासळीच्या क्रेटमधला वापरलेला नको. आम्ही बर्फात ठेवलेला तो घोडा अजून चालतो. तुमच्या घोडीची लीद अजून पातळ आहे म्हणजे धोका टळलेला नाही. डॉक्टरांशी आजच बोला आणि बर्फाची सोय लावून ठेवा.

किनाऱ्यावरच्या घोड्यांबद्दल एक वेगळी शंका मनात ठेवायला हवी, वाळूची. वाळूत टाकलेला चारा खाणाऱ्या घोड्याच्या आतड्यात वाळू साठते आणि तिनेही जुनाट हगवण, पोटशूळ होतो. नवीन घोडीला चार दिवसांत एवढी वाळू जाणार नाही, पण तुमच्या जुन्या दोघांचं बघून घ्या. चार-पाच ताजे गोळे, जमिनीला न लागलेले, पारदर्शक पिशवीत लिटरभर पाण्यात कालवा, पिशवी खिळ्याला टांगा, पंधरा मिनिटांनी खालचा कोपरा चिमटीत चोळा. चमचाभर वाळू लागली तर डॉक्टरांना दाखवा. खरखरीत वाळूने सोललेलं आतडं साल्मोनेलाला आयतं मिळतं. चारा उंच गव्हाणीत किंवा रबरी चटईवर द्या.

आता अहवालाचं. तुमचा पहिलाच नमुना पॉझिटिव्ह आला, म्हणून निदान पक्कं झालं. निगेटिव्ह आला असता तर? तर काहीच कळलं नसतं. हा जंतू लिदीतून रोज सारखा पडत नाही. आज पडतो, दोन दिवस पडत नाही, पुन्हा पडतो. आणि लीद अगदी पाण्यासारखी असताना तो इतका पातळ होतो की सापडत नाही. म्हणून रीत अशी की वेगवेगळ्या दिवशी घेतलेले पाच नमुने कल्चरला द्यायचे, आणि पाचही निगेटिव्ह आले तरच घोडा मोकळा धरायचा. नमुना निर्जंतुक डबीत, बर्फाच्या पिशवीसोबत पण न गोठवता, त्याच दिवशी किंवा दुसऱ्या दिवशी पोचायला हवा. तालुक्याच्या पशुवैद्यकीय दवाखान्यातून पुण्याला औंधच्या रोग अन्वेषण विभागाकडे पाठवता येतो. परळच्या पशुवैद्यकीय महाविद्यालयातही विचारता येईल. गाडीने हाताने नेला तर सगळ्यात बरं.

हे मी इतकं निक्षून सांगते त्याला कारण आहे. नोकरीच्या सुरुवातीच्या वर्षांत खाडीकाठच्या एका गावात टांग्याचा घोडा अशाच हगवणीतून बरा झाला. खणखणीत लीद, चकचकीत कांती. मी एक नमुना पाठवला, निगेटिव्ह आला, आणि मालकाला म्हटलं, घाला त्याला जुन्या जागी. तेराव्या दिवशी त्याच तबेल्यातली दुसरी घोडी ताप घेऊन बसली. तिच्या पोटाशी महिन्याचं शिंगरू होतं. घोडी वाचली. शिंगराच्या मागच्या दोन्ही गुडघ्यांत पू झाला आणि सहा दिवसांत ते गेलं. मालकाने मला एक शब्द बोलून दाखवला नाही. पण त्या तबेल्यात माझ्या सांगण्यावरून जंतू परत गेला होता, हे मला माहीत होतं आणि त्याला पण. तेव्हापासून एका निगेटिव्ह अहवालावर मी कोणाचं दावं सोडलं नाही. बरा झालेला घोडा बहुतेक वेळा काही आठवड्यांत जंतू टाकायचा थांबतो, काही घोडे चार महिनेही घेतात. तुमची घोडी एकतीस डिसेंबरला किनाऱ्यावर उतरता कामा नये. फेरीसाठी नाही, फोटोसाठी नाही, नुसती हवा खायलाही नाही. पर्यटकांची लहान मुलं तिथे वाळूत हात घालून खेळतात आणि त्याच हाताने भेळ खातात.

तुमच्या मुलाबद्दल आता. हा जंतू माणसाला होतो. लिदीचा हात तोंडात गेला की साधारण सहा तासांपासून सहा दिवसांत जुलाब, ताप, पोटात कळा. धडधाकट माणूस बहुधा आपोआप बरा होतो. पाच वर्षांखालची मुलं, म्हातारी माणसं, गरोदर बाई आणि मधुमेहासारख्या दुखण्याने अशक्त झालेलं माणूस यांना तो जड जातो. मुलाला घोडीच्या खोपीकडे फिरकू देऊ नका. घोडीचं बघणाऱ्याने वेगळी चप्पल किंवा गमबूट तिथेच ठेवावेत, काम झालं की साबणाने कोपरापर्यंत हात धुवावेत, कपडे मागीलदारी बदलूनच आत यावं. तिथे तंबाखू मळायची नाही, बिडी ओढायची नाही, चहा प्यायचा नाही. हे सांगितलं की लोक हसतात, पण तंबाखू मळलेला तळहात थेट तोंडाशी जातो. घरात कोणाला जुलाब लागले तर डॉक्टरकडे गेल्यावर पहिलं वाक्य हेच सांगा: घरी साल्मोनेलाची घोडी आहे.

तबेल्याची सफाई हे कोकणात अवघड प्रकरण. आपल्याकडे भिंती आणि पुष्कळदा जमीनही चिऱ्याची, म्हणजे जांभ्या दगडाची. जांभ्याला भोकं असतात, त्यात लीद आणि पाणी मुरतं आणि वरून कितीही फिनेल ओतलं तरी आत पोचत नाही. ओलाव्यात, सावलीत, लिदीच्या आत हा जंतू महिनोन्‌महिने टिकतो. त्याला ऊन आणि कोरडेपणा मानवत नाही, म्हणून डिसेंबर आहे हे तुमचं नशीब. हेच आषाढात झालं असतं तर जास्त कठीण गेलं असतं. आधी सगळी लीद आणि अंथरलेला पेंढा खरवडून काढा. मग साबणाच्या पाण्याने घासा. लिदीचा कण शिल्लक असेपर्यंत क्लोरीन फुकट जातं. मोटर लावून पाइपाने जोरात फवारू नका, त्या तुषारांबरोबर जंतू चार भिंतींवर आणि शेजारच्या गव्हाणीत उडतो. घासून, वाळवून झाल्यावर ग्रामपंचायतीत विहिरीसाठी मिळते ती टीसीएल (ब्लीचिंग) पावडर, लिटरला साधारण 15 ग्रॅम, ताजी कालवून ओता आणि अर्धा तास राहू द्या. फिनेल किंवा अॅसिड त्यात मिसळू नका, घातक वायू होतो. घोडी आत असताना तर नाहीच. सारवलेली मातीची जमीन असेल तर वरची वीतभर माती काढून टाका, चुना पसरा, नवी मुरूम घाला. चिऱ्याच्या भिंतीला घोड्याच्या उंचीपर्यंत सिमेंटचा गिलावा करून घ्यायला पैसे असतील तर घ्या. तो खर्च मला पटतो.

लीद ताजी वाडीत टाकू नका, वाल-मुळ्याच्या वाफ्यात तर मुळीच नाही. विहिरीपासून लांब, उताराच्या खालच्या अंगाला खड्डा करून, प्लास्टिकने झाकून कुजू द्या. आतली उष्णता पुष्कळ काम करते. आपली जांभी जमीन पाणी झिरपवते, खड्डा विहिरीच्या वर घेतला तर पहिल्या पावसात सगळं विहिरीत. आणि कोंबड्या! तबेल्यात कोंबड्या चंदीच्या पिंपावर बसतात, पेंढ्याच्या उडवीत घुशी-उंदीर बिळं करतात. दोघंही साल्मोनेला वाहतात. चंदी झाकणाच्या डब्यात ठेवा, कोंबड्या घोड्यांच्या गव्हाणीजवळ नकोत.

बाकीच्या दोन घोड्यांचा ताप सकाळ-संध्याकाळ घ्या आणि लिहून ठेवा. साधारण 99 ते 101.5 फॅरनहाइट ठीक. 102 च्या वर गेला तर हगवणीची वाट बघू नका, त्यालाही वेगळा करून डॉक्टरांना बोलवा. दोन आठवडे त्यांना नवीन चारा नको, जंताचं औषध नको, लांबचा प्रवास नको. माझं मत विचाराल तर निदान पहिला आठवडा त्यांनाही घरीच ठेवा. सीझनचा आठवडा बुडतो हे मला कळतं. तुमच्या घरात वर्षाच्या कमाईचा केवढा हिस्सा या दिवसांत येतो तेही ठाऊक आहे. तरीसुद्धा.

घोडी परत बाजारात द्यायची नाही. आजारी घोडी ट्रकमध्ये चढवली तर ती वाटेतच जाईल, आणि नाही गेली तर ट्रक, बाजार आणि पुढचं एक घर नासवेल. शिवाय गरजच नाही. उभी आहे, गवत ओढते, म्हणजे तिची बाजू अजून भक्कम आहे. तिला आता सुकं चांगलं गवत द्या, थोडं थोडं, दिवसातून सहा-सात वेळा. चंदी, कोंडा, गूळ आठवडाभर बंद. आतडं सुजलेलं असताना धान्य म्हणजे खुरांना आमंत्रण. लीद गोळ्यात आली की मग मूठ-मूठ चंदी सुरू करा.

पुढच्या वेळी नवा घोडा आणाल तेव्हा विकणाऱ्याकडून त्याच्या सवयीच्या चाऱ्याच्या दोन-तीन गोणी सोबत घ्या आणि आठ-दहा दिवसांत हळूहळू बदला. वाटेत दर चार तासांनी ट्रक थांबवून पाणी दाखवा. घरी आल्यावर 21 ते 30 दिवस वेगळ्या जागी, वेगळ्या बादलीवर ठेवा.

आणि एक गोष्ट तुम्ही लिहिलेली नाही, ती विचारून घ्या: घोडी गाभण आहे का? बाजारात घेतलेल्या घोडीचं हे पुष्कळदा सांगितलं जात नाही. पहिल्या दोन-अडीच महिन्यांची गाभण असेल तर या तापाने आणि विषाने गर्भ जाऊ शकतो. पुढे कधी सात-आठ महिन्यांच्या गाभण घोडीने अचानक गर्भ टाकला, तर मात्र साल्मोनेलाच्याच एका दुसऱ्या प्रकाराचा, अॅबॉर्टसइक्वीचा, संशय धरायचा. तो आपल्या देशात आहे आणि हिसारच्या राष्ट्रीय अश्व संशोधन केंद्रात त्याची तपासणी होते. तसं झालं तर वार आणि पडलेलं शिंगरू उघड्या हाताने उचलू नका, कुत्र्यांना मिळू देऊ नका. तालुक्याच्या पशुधन विकास अधिकाऱ्यांना बोलवा, नमुने घेऊ द्या आणि मग खोल पुरून वर चुना टाका.